आधी पट्टी विचारा

पहिल्या सहामाहीच्या शेवटी मी वर्गात माझं एक गाणं ऐकवलं. प्रोजेक्टमध्ये 64 ट्रॅक होते आणि मला त्याचाच जास्त अभिमान होता. चार सिंथ, तीन पॅड, दोन बासऱ्या (एकही खरी नाही) आणि स्ट्रिंग्जचा नुसता ढीग. सरांनी काही न बोलता माउस हातात घेतला आणि एकेक ट्रॅक म्यूट करत गेले. दर वेळी वर्गाकडे वळून विचारायचे, "काय गेलं?" वीस-बावीस ट्रॅक बंद झाले तरी कुणाला सांगता येईना. मलाही नाही, आणि गाणं माझंच होतं. शेवटी सर एवढंच म्हणाले, "गाणारीने जागा घ्यायची म्हटलं तर तू जागाच ठेवली नाहीस."

मी मूळचा कराडचा. बी.कॉम. करता करता गणपतीत आणि हळदीच्या कार्यक्रमांत कॅसिओ वाजवायचो, मग पुण्यात येऊन म्युझिक प्रॉडक्शनच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला नाव घातलं. आमचे मामा अजूनही विचारतात, "म्हणजे लग्नात डीजे लावणार ना?" मी हो म्हणतो, विषय मिटतो.

नव्याने येणारी मुलं सगळ्यात आधी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं विचारतात, तर ते उरकून टाकू. जे हाताशी आहे ते घ्या. रीपर 60 दिवस फुकट वापरून बघता येतं आणि त्यानंतरचं लायसन्सही इतरांच्या मानाने स्वस्त आहे. मित्र एफएल स्टुडिओवर असेल तर तेच घ्या, अडलं की विचारायला माणूस मिळतो. प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे जादा आवाज आणि इफेक्ट, विकत घेण्याची घाई करू नका. माझे पहिल्या वर्षातले पैसे तिथेच गेले आणि आज त्यातले दोनच उघडतो.

खरं शिक्षण सुरू झालं ते खोलीत दुसरं माणूस आल्यावर.

शास्त्रीय गाणं शिकणारी एक मैत्रीण माझं गाणं गायला आली. चाल मी काळी एक या पट्टीत बांधली होती. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' हार्मोनियमच्या ज्या सुरावर बसतो तो सूर. कारण काय, तर गुणगुणताना माझा स्वतःचा आवाज तिथे बसतो. तिने हेडफोन लावला आणि मुखडा म्हणून बघितला. खालच्या सप्तकात घेतला तर शब्द पुटपुटल्यासारखे येत होते. वरच्या सप्तकात घेतला तर अंतऱ्यात तार मध्यमाला ओरडावं लागत होतं. "माझी पट्टी काळी चार. फोनवर विचारलं असतंस तर?" मिडीचे, म्हणजे संगणकाने वाजवलेले, ट्रॅक खाली-वर करायला दोन मिनिटं पुरतात. पण गिटार खरी होती, ती रेकॉर्ड होऊन आठवडा झाला होता आणि वाजवणारा नागपूरला परतला होता. पाच सेमीटोन खाली ओढलेली गिटार ओल्या पुठ्ठ्यावर बोटं मारल्यासारखी वाजते. ती शेवटी काढूनच टाकली.

तेव्हापासून चाल पक्की करण्याआधी मी गाणाऱ्याला फोन करतो. आपलं सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरांत बोलतं आणि गाणारे-वाजवणारे पट्टीत बोलतात, म्हणून हा हिशेब डोक्यात हवा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पण नुसती पट्टी विचारूनही भागत नाही. त्या पट्टीत चालीचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर कुठे पडतो ते सांगा आणि तेवढीच ओळ मोबाइलवर गाऊन पाठवायला सांगा. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून गायलेल्या वीस सेकंदांत सगळं कळतं.

पट्टीचा हा धडा ढोलकीच्या वेळी कामी आला. वाजवायला आलेल्या काकांची उमर तमाशाच्या फडात गेलेली. आल्या आल्या पहिला प्रश्न, "पट्टी कुठली?" या वेळी उत्तर तयार होतं. त्यांनी पाना काढून नट आवळत ढोलकीचं शाईचं तोंड षड्जाला मिळवलं. म्हणून सांगतो, ढोलकी किंवा तबला बोलावण्याआधी पट्टी कायम करा. ढोलकी एकदा काळी चारला वाजली की ते गाणं तिथेच राहणार.

मग मी त्यांच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक सोडली, मिनिटाला 96 ठोक्यांची. पहिला टेक गेला, दुसरा गेला. हात तयारीचा होता, पण ऐकायला शाळेच्या कवायतीसारखं. तिसऱ्यानंतर हेडफोन गळ्यात उतरवून काका म्हणाले, "ह्या टिकटिकीला सम कुठाय, सांग बरं मला?"

मला उत्तर देता येईना. सम म्हणजे तालाची पहिली, वजनाची मात्रा, आणि काल म्हणजे मधली रिकामी. केहरवा तालाच्या मात्रा आठ आणि माझा मेट्रोनोम चार-चारचा. म्हणजे एका आवर्तनात वजनाचा 'टिंग' दोनदा, समेवरही आणि कालावरही. वर्षभर ऐकत होतो, एकदाही खटकलं नव्हतं. मी तो बंद केला. गाणारी मैत्रीण त्या दिवशी बरोबर आली होती म्हणून निभावलं. ती काचेबाहेर हार्मोनियम घेऊन बसली आणि गायली, काका आत वाजवत राहिले. एका टेकमध्ये काम झालं. दुसऱ्या अंतऱ्याआधी तिने एक जागा, म्हणजे सुरांची छोटी हरकत, घेतली, जी माझ्या चालीत नव्हती, आणि काकांनी हात मागे घेऊन तिला पुढे जाऊ दिलं. मग समेवर असा ठोका पडला की मी लेव्हलचा मीटर बघायचं विसरलो.

घरी येऊन मोजलं. मुखडा 96 ला होता आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या अखेरीला लय 101 वर पोचली होती. कोर्समध्ये आम्हाला वाजवलेलं ग्रिडला, म्हणजे पडद्यावरच्या समान मात्रांच्या रेघांना, चिकटवायला शिकवलं होतं. इथे उलटं करायचं होतं. प्रत्येक आवर्तनाची सम ऐकून तिथे खूण करायची आणि टेम्पो मॅप, म्हणजे सॉफ्टवेअरमधला लयीचा नकाशा, तिच्यावरून बांधायचा. रात्रीचे तीन तास गेले. पण त्यानंतर बास, पॅड, शेकर जे काही घातलं ते काकांच्या लयीबरोबर चढलं.

रेकॉर्डिंगपुरतं बोलायचं तर शाईकडे कंडेन्सर माइक आणि घुमणाऱ्या तोंडाकडे डायनॅमिक, दोन्ही वीतभर लांब. लेव्हल बघताना वादक सौम्य वाजवतात, रंगात आले की दुप्पट. त्यामुळे सगळ्यात मोठे ठोके उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील एवढीच लेव्हल ठेवा. 24 बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर कमी लेव्हलला घाबरायचं कारण नाही. फुटलेला ठोका मात्र परत जोडता येत नाही.

दुसऱ्या एका गाण्यात मी स्वतःचं हसं करून घेतलं. बेंगळुरूच्या मित्राने घरून व्हायोलिन रेकॉर्ड करून पाठवलं. लावून बघतो तर वरच्या सुरात, शिवाय पळतंय. मी तडक फोन करून सांगितलं, "बेसूर वाजवलंयस." तो शांतपणे म्हणाला, "तुझा प्रोजेक्ट किती किलोहर्ट्झचा आहे?" किलोहर्ट्झ म्हणजे इथे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले ते. त्याची फाइल 44.1 ची, माझा प्रोजेक्ट 48 चा, आणि आयात करताना रूपांतराची खूण मीच काढून ठेवलेली. अशी फाइल साधारण नऊ टक्के जलद वाजते आणि जवळपास दीड सेमीटोन वर चढते. आता कुणालाही काम पाठवताना 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल हे आधीच लिहितो. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून निघालेला हवा, मधूनच सुरू झालेला नको. फाइलच्या नावातच पट्टी आणि टेम्पो घालतो. मित्राने माफ केलं, पण "बेसूर" हा शब्द अजून ऐकवतो.

पुण्यात असाल तर एकांकिकांचं काम अंगावर घ्या. पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धांच्या तालमी सुरू झाल्या की संगीत करणारं कुणीतरी प्रत्येक संघाला हवंच असतं. पैसे फारसे नसतात, चहा भरपूर मिळतो. एका एकांकिकेसाठी केलेल्या माझ्या संगीताच्या अकरा तुकड्यांपैकी दिग्दर्शिकेने चार ठेवले. ती फणकाऱ्याने म्हणाली, "इथे नट शांत बसलाय, तुझी बासरी कशाला रडतेय?" राग आला होता. तालमीला बसून बघितलं तेव्हा तिचं म्हणणं पटलं. प्रयोगात आणखी एक गोष्ट कळली. नाट्यगृहातली ध्वनियंत्रणा मोनोवर होती, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र, आणि शेवटच्या प्रवेशातला माझा लाडका पॅड (मागे पसरलेले सिंथचे लांब सूर) गायबच झाला. रुंद वाटावा म्हणून मी त्याची एक बाजू उलट्या फेजमध्ये केली होती, म्हणजे तिची ध्वनिलहर उलटी फिरवली होती. मोनोत दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. सगळं मिक्स एकदा तरी मोनोत ऐका, हे पुस्तकात वाचलं होतं. केलं नव्हतं.

नावाचं आणि पैशांचं बोलणं पहिल्या चहालाच करा. एका लघुपटाला मी संगीत दिलं, श्रेयनामावलीत माझं नावच आलं नाही, आणि दाखवायला माझ्याकडे साधा मेसेजही नव्हता. चाल कुणाची, शब्द कुणाचे, अरेंजमेंट कुणी केली, कुणाचा वाटा किती, हे एका मेलमध्ये लिहून सगळ्यांकडून "मान्य" एवढं उत्तर घ्या. आपल्याकडे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बळकट केला आहे, आणि तो गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. पण तिथे गाणं नोंदवायचं तर आधी वाटे ठरलेले हवेत. संतांचे अभंग कॉपीराइटच्या मुदतीबाहेर आहेत, म्हणून नवीन मुलं तिकडे वळतात. शब्द खुशाल घ्या. पण रेडिओवर ऐकलेली चाल अजून कुणाची तरी असू शकते, तेव्हा चाल स्वतःची बांधा.

सध्या तुकोबांच्या एका अभंगावर काम चालू आहे. 19 ट्रॅक झालेत. परवा रात्री अकराला मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला, लोकलमधून. मागे गाडीची खडखड आणि कुणीतरी "जरा सरका" म्हणतंय, त्यात ती दुसऱ्या कडव्याची ओळ गातेय. पंचमावरून उतरताना तिला एक जागा सापडलीय. मी प्रोजेक्ट उघडला. नेमकी तिथे माझी बासरी होती, या वेळी खरी, पैसे देऊन वाजवून घेतलेली. म्यूट केली. बासरीवाल्याला काय सांगायचं, ते अजून ठरलं नाही.