टेकडीलगतच्या वस्तीने वणव्याची तयारी कशी करावी

पावसाळा ओसरला की पुण्यातील वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव, बाणेर-पाषाणची टेकडी आणि कात्रजकडचे डोंगर काही आठवड्यांतच पिवळे पडतात. पुढे जूनपर्यंत पावसाचा फारसा भरवसा नसतो, मार्च-एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ३८ ते ४० अंशांवर जाते आणि हवा इतकी कोरडी होते की उभ्या गवताला एक ठिणगी पुरते. या टेकड्यांना अगदी खेटून सोसायट्या, बंगले, बैठी घरे आणि दाट वस्त्या उभ्या आहेत. मुळशी, मावळ, भोर आणि वेल्ह्याच्या बाजूला डोंगराच्या कुशीतच गावे आणि वाड्या आहेत. वणवा घरापर्यंत येऊ न देण्याचे बहुतेक काम तो लागण्याच्या तीन-चार महिने आधी, गवत अर्धवट ओले असतानाच करावे लागते. आग दिसल्यानंतर हातात उरते ती केवळ माणसे आणि जनावरे सुखरूप बाहेर काढण्याची जबाबदारी.

आग डोंगरावर कशी चालते, हे आधी समजून घ्यावे. ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवते, म्हणून आग चढाला वेगाने जाते. उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. दुपारी डोंगर तापलेला असताना वाराही उताराने वर चढतो, त्यामुळे दुपारी पायथ्याला लागलेली आग काही मिनिटांत माथा गाठू शकते. याचा अर्थ उतारावर किंवा माथ्यावर बांधलेली घरे पायथ्याच्या घरांपेक्षा अधिक धोक्यात असतात. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे: पायथ्याच्या वस्तीत पेटवलेला कचरा हाच अनेकदा वरच्या वणव्याचा उगम ठरू शकतो. म्हणून तयारी टेकडीवरून नव्हे, आपल्या कंपाउंडच्या भिंतीपासून सुरू करावी.

जाळरेषा

वनखाते वणव्याच्या हंगामापूर्वी जंगलात गवत आणि पालापाचोळा काढून मोकळा पट्टा तयार करते. त्याला जाळरेषा म्हणतात. वस्ती आणि टेकडी यांच्यामध्ये असा पट्टा असणे हा सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र पुण्याच्या टेकड्यांची मालकी एकसारखी नाही. काही भाग वनखात्याचा आहे, काही महापालिकेचा आणि काही खासगी. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने आपल्या मागची जमीन कोणाची आहे हे पाहून त्या कार्यालयाला लेखी पत्र द्यावे आणि पत्राची पोच जपून ठेवावी. वनजमिनीवर वनरक्षकाला न विचारता कोयता चालवू नये. बहुतेक वनरक्षक अशा मदतीचे स्वागतच करतात, कारण त्यांच्याकडे क्षेत्र मोठे आणि माणसे थोडी असतात.

पट्ट्याची रुंदी गवताच्या उंचीवर ठरते. गुडघ्याएवढ्या गवताला किमान दोन मीटर आणि कमरेएवढ्या गवताला किमान तीन मीटर मोकळी जागा ठेवावी. चढ असेल तर त्याहून अधिक. गवत विळ्याने जमिनीलगत कापावे, दाताळ्याने ओढून काढावे आणि खालची माती उघडी पडू द्यावी. कापलेले गवत तिथेच ढीग करून ठेवणे म्हणजे वणव्यासाठी सरण रचून ठेवणे होय. ते गोठ्यात न्यावे, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावे किंवा गोशाळेला द्यावे. पट्टा जाळून करण्याचे काम वनखात्याच्या प्रशिक्षित पथकाखेरीज कोणीही हाती घेऊ नये.

येथे गिरिपुष्पाचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. पुण्याच्या टेकड्यांवर हे झाड मोठ्या प्रमाणावर लावले गेले आहे आणि उन्हाळ्यापूर्वी त्याची पाने झडून खाली जाड थर साचतो. गवत कापलेली जागा स्वच्छ दिसत असली तरी या पानांवरून आग सरपटत पुढे येते. म्हणून पट्टा एकदा करून भागत नाही. जानेवारी ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी तो झाडून काढावा लागतो. शनिवार-रविवारी सकाळी दोन तास दिले तरी एका मोठ्या सोसायटीमागचा पट्टा सहज राखता येतो.

घर आणि आवार

अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी २०२५ मध्ये हजारो घरे जळाली, त्यांपैकी अनेकांना आधी पेटवले ते वाऱ्याने पुढे उडालेल्या निखाऱ्यांनी. आपली विटा-सिमेंटची घरे तिथल्या लाकडी घरांसारखी पेटत नाहीत, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. तरी निखाऱ्याला आत शिरायला आपल्याकडेही वाटा आहेत. नायलॉनची मच्छरजाळी, बाल्कनीतले पडदे आणि जुने सोफे, गच्चीवरील प्लॅस्टिकची ताडपत्री, पत्र्याच्या शेडमध्ये रचलेली रद्दी, पन्हाळीत साचलेला पाला आणि भिंतीला टेकून ठेवलेली सरपणाची मोळी यांतली कोणतीही वस्तू एका निखाऱ्याने पेटू शकते.

भिंतीपासून पहिल्या दीड मीटरमध्ये पेटणारे काहीही असू नये. तिथे फरशी, मुरूम किंवा खडी असावी. त्यापुढे साधारण नऊ मीटरपर्यंत गवत छाटलेले ठेवावे, झाडांच्या जमिनीकडच्या वाळक्या फांद्या काढाव्यात आणि घराच्या छपरावर टेकलेली फांदी राहू देऊ नये. हिरवीगार, पाणी दिलेली झाडे तोडण्याची गरज नाही; धोका वाळक्या भागाचा आहे. टेकडीकडच्या खिडक्यांना आणि झरोक्यांना सुमारे तीन मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी बसवावी. सुटे सिलिंडर टेकडीच्या बाजूच्या ओट्यावर ठेवू नयेत. गच्चीवरच्या टाकीला शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल एवढ्या लांबीचा पाइप जोडून ठेवावा आणि वीज गेल्यावर पंपाविना त्यात पाणी येते का, हे एकदा प्रत्यक्ष तपासावे. विजेच्या तारा फांद्यांना घासत असतील तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून फांद्या त्यांच्याकडूनच छाटून घ्याव्यात.

दाट वस्तीत ही अंतरे पाळणे शक्य नसते. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीसारख्या ठिकाणी घराला घर लागून आहे आणि बोळातून दुचाकीही अडखळत जाते. तेथे सर्वांत वरच्या ओळीतील घरांमागचा पट्टा ही संपूर्ण वस्तीची सामायिक जबाबदारी मानावी. अग्निशमन दलाचा बंब कोणत्या ठिकाणापर्यंत येऊ शकतो हे आधी ठरवून त्या रस्त्यावर उन्हाळ्यात रात्रीही गाड्या उभ्या राहणार नाहीत, याची काळजी मंडळांनी घ्यावी. गणेशोत्सवात रात्रभर राबणारे कार्यकर्ते प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्याच याद्या, फोन आणि शिट्ट्या या कामाला उपयोगी पडतील.

ठिणगी कुठून येते

आपल्या भागातले वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. विझवल्याशिवाय टाकलेली विडी-सिगारेट, टेकडीवरच्या पार्ट्यांची शेकोटी, पायथ्याला जाळलेला कचरा, तारांच्या ठिणग्या आणि मुद्दाम लावलेली आग ही त्यांची ओळखीची कारणे आहेत. डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगले येते, हा समज अजून अनेक गावांत आहे. पहिल्या पावसानंतर जळक्या जागी हिरवे कोंब लवकर डोळ्यांत भरतात हे खरे. पण वारंवारच्या आगीत झाडांची रोपे आणि चांगल्या चाऱ्याची गवते मागे पडतात, तर आगीला तग धरणारी कुसळी फोफावते आणि तिची कुसळे आल्यावर जनावरे तिला तोंड लावत नाहीत. गुराख्यांशी बोलताना कायद्याआधी हा मुद्दा मांडावा. कायदाही स्पष्टच आहे: भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे.

मावळ-मुळशीत भातरोपांसाठी राब भाजला जातो, म्हणजे रोपे टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि वाळक्या फांद्या पसरून जाळतात. तो भाजायचा असेल तर पहाटे किंवा सकाळी लवकर, वारा नसताना, कडेने माती उघडी करून आणि पाण्याचे हंडे भरून ठेवून भाजावा. राख हाताला गार लागेपर्यंत तिथून हलू नये. होळीचे ठिकाणही टेकडीच्या गवतापासून दूर ठेवावे.

आग दिसल्यावर

सर्वप्रथम कळवावे. अग्निशमन दलासाठी १०१, कोणत्याही आपत्तीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनखात्याच्या मदतवाहिनीसाठी १९२६ हे क्रमांक आहेत. ‘टेकडीला आग लागली आहे’ एवढे सांगणे पुरेसे नाही. जवळचे मंदिर, पाण्याची टाकी किंवा टेकडीवर चढण्याची वाट सांगावी आणि शक्य असल्यास मोबाइलवरून ठिकाण पाठवावे. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींची सूचना नोंदणी केलेल्या नागरिकांना विनामूल्य पाठवते. तिथे वस्तीतल्या दोघा-तिघांनी नाव नोंदवावे. पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो, त्यामुळे टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांच्या नजरेची जागा ती सूचना घेऊ शकत नाही.

धूर वस्तीकडे वळला तर लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना आदेशाची वाट न पाहता हलवावे. निघताना गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचे मुख्य बटण बंद करावे, खिडक्या लावाव्यात, दार ओढून घ्यावे पण कुलूप शक्यतो लावू नये, म्हणजे जवानांना आत जाता येते. गोठ्यातली जनावरे सोडून द्यावीत. दाव्याला बांधलेले जनावर पळू शकत नाही. कागदपत्रे, औषधे आणि चष्मा यांची पिशवी फेब्रुवारीपासूनच दाराजवळ असावी. धुरातले सूक्ष्म कण ओल्या फडक्याने थांबत नाहीत, म्हणून त्या पिशवीत एन-९५ मास्क ठेवावेत.

आग विझवायला जाणाऱ्यांसाठी काही मर्यादा कठोरपणे पाळणे आवश्यक आहे. ज्वाला गुडघ्याच्या खाली असेल तरच ओल्या फांद्यांनी झोडपून ती विझवता येते. त्याहून उंच झाली की मागे फिरावे. एकट्याने जाऊ नये. अंगात जाड सुती कपडे आणि पायात बंद बूट असावेत. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतात. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नये. बाजूने, जळून गेलेल्या पट्ट्याच्या कडेने काम करावे, कारण वारा फिरला तर तोच काळा पट्टा आसरा ठरतो. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात गवताच्या वणव्यात सापडून वीसहून अधिक जणांना जीव गमवावा लागला, आणि त्यांतले बहुतेक ट्रेकर होते. सिंहगड, राजगड, तोरण्याच्या वाटांवर उन्हाळ्यात जाणाऱ्या प्रत्येक गटप्रमुखाने ही घटना लक्षात ठेवावी आणि खाली धूर दिसताच वर पळण्याऐवजी गट कातळावर, नांगरलेल्या शेतात किंवा आधीच जळालेल्या जागी न्यावा.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे; बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये.

आग शमल्यानंतर

ज्वाला दिसेनाशा झाल्या तरी खोडांच्या बुंध्यात आणि शेणाच्या गोवऱ्यांत विस्तव धुमसत राहतो आणि दुपारच्या वाऱ्याने पुन्हा भडकतो, म्हणून पुढचे दोन दिवस पाळी लावून लक्ष ठेवावे. टेकडीवरून साप खाली येतात. त्यांना मारू नये, सर्पमित्रांना बोलवावे. टिटवी, रातवा, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे अर्धवट जळालेल्या जागेत उगाच पायपीट करू नये. नुकसान झाले असेल तर काहीही हलवण्यापूर्वी फोटो काढून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित घरविम्यात वणव्यामुळे होणारे नुकसान समाविष्ट आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. उघड्या पडलेल्या उतारावरची माती आणि राख पहिल्या वळवाच्या सरीबरोबरच खाली येते, त्यामुळे वस्तीतून जाणारे ओढे आणि नाले आग लागली त्याच आठवड्यात साफ करून घेण्याची मागणी महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी नोंदवावी.