या चुका टाळा: बीपी-शुगरच्या गोळ्या खाताना आपण नेमकं कुठं चुकतो

कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला पंधरा वर्षं झाली बघा, आणि एवढ्या वर्षांत एकच गोष्ट सारखी दिसते. गोळीनं काही त्रास झाला की माणूस एकतर ती गोळी गुपचूप बंद करतो नाहीतर त्या त्रासावर दुसरी गोळी मागायला येतो. त्रास आहे त्याच गोळीचा असंल का, हे कुणी विचारतच नाही.

पाय सुजले, गोळी बंद

करवीरमधल्या एका गावातले मामा. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, वाट रुंद झाली की दाब उतरतो, पण त्याच कारणानं काही जणांच्या घोट्यापाशी पाणी साचून सूज येते, आणि डोस जास्त असला की सूजही जास्त. मामांना कुणीतरी कट्ट्यावर सांगितलं, पाय सुजले म्हणजे गोळ्यांनी किडनी गेली. झालं, मामांनी बीपीची गोळी सोडली आणि पाय जड वाटतात म्हणून डायक्लोफिनॅक सुरू केली, रोज, महिनाभर. माझ्याकडं आले तेव्हा बीपी १८०/११०. त्यांना तिथूनच डॉक्टरांकडं पाठवलं.

आता यातली खरी काळजीची गोळी कुठली, तर ती पेनकिलर. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ह्या सगळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करतात म्हणून दुखणं थांबतं, पण तेच रसायन पोटाचं अस्तर सांभाळत असतं आणि किडनीचा रक्तपुरवठा नीट ठेवत असतं. त्यामुळं रोज खाल्ली की ॲसिडिटी, अल्सर, वाढलेलं बीपी, आणि त्यात टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी जास्त होण्याची गोळी दोन्ही चालू असतील आणि वर जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असंल तर किडनीवर एकदम लोड येतो. गुडघा दुखतोय म्हणून चिठ्ठीशिवाय पाकीट मागता ना, तेव्हा बीपीचं काय चालू आहे ते आधी सांगत जावा, कळकळीनं सांगतोय.

दोन्ही पायांना संध्याकाळी सारखी सूज असेल तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवा, ते डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली किंवा धाप लागली तर मात्र त्याच दिवशी जायचं, थांबायचं नाही.

असंच खोकल्याचं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल ह्या बीपीच्या गोळ्या चालू असताना काही जणांना कोरडा खोकला लागतो, आणि लोक सिरपच्या बाटल्यावर बाटल्या संपवतात. डॉक्टरांनी गोळी बदलली की काही आठवड्यांत खोकला जातो. ओठ, जीभ सुजली तर थेट हॉस्पिटल. आणि बीपीवाल्यांनी मनानंच ते कमी सोडियमवालं मीठ आणू नये, त्यात पोटॅशियम असतं आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टननं अंगातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं.

उपवास आणि शुगरची गोळी

नवरात्रात हे हमखास होतं. अंबाबाईचे नऊ दिवस कडक उपवास आणि सकाळी उठून नेहमीची गोळी, कारण गोळी चुकवायची नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरमधून रक्तात येणारी साखर कमी करतं, एकट्यानं सहसा शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा नाहीतर जेवू नका. पोटात काही नाही आणि इन्सुलिन सुटतंय, मग घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी, माणूस विचित्र बोलायला लागतो आणि घरच्यांना वाटतं उपवासानं पित्त झालंय! अशा वेळी पेशंट शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर बघा, कमीच असली तर परत द्या, मग काहीतरी खायला घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा. बऱ्याच पाकिटांत दोन्ही औषधं एकत्र असतात, म्हणून उपवासाच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

मेटफॉर्मिननं सुरवातीला पोट बिघडतं, जेवणासोबत घेतली की बरंच कमी होतं. एसआर लिहिलेली गोळी मोडून, कुटून खाऊ नका, ती हळूहळू औषध सोडायला बनवलेली असते. कधी कधी तिचं रिकामं टरफल शौचातून पडतं, त्यातलं औषध अंगात गेलेलं असतं, घाबरून दुसरी गोळी घेऊ नका. वर्षानुवर्षं चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ व्हिटॅमिन तपासायला सांगा.

चहा, दूध आणि गोळी

माझ्या आईची थायरॉइडची गोळी मीच डबीत भरून द्यायचो, आणि शेजारच्याच कप्प्यात कॅल्शियम. ती दोन्ही एकदमच चहाबरोबर घ्यायची. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, काही खाली येईना, डोस मात्र वाढत गेला. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, पोटातच धरून ठेवतात, चार तासांचं अंतर पाहिजे, आणि गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. हे मला माहीत होतं आणि तरी घरात लक्ष गेलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

दुधाचंही तसंच. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारी आपली माणसं, ताकदीसाठी गोळीसुद्धा दुधाबरोबर घेतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक्स दुधाबरोबर घेतलं की अंगात कमी जातं. पुरानंतर लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप) डॉक्सी देतात तेव्हा हे ध्यानात ठेवा, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिका भाजल्यासारखी दुखते.

तालमीतल्या पोरांना एकच सांगतो, नायट्याला तीन-तीन औषधं मिसळलेली ट्यूब लावू नका. त्यात स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते.

गोळीनं वेगळाच त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री नंबरवर सामान्य माणूससुद्धा कळवू शकतो. आणि डॉक्टरांकडं जाताना घरातली सगळी पाकिटं, काढे, पुड्या एका पिशवीत घालून न्या. परवा एका आक्कांनी अशी पिशवी माझ्या काउंटरवर ओतली. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या, दोन कंपन्यांची पाकिटं, एकात ॲम्लोडिपिन आणि दुसऱ्यात टेल्मिसार्टनबरोबर परत ॲम्लोडिपिनच. सहा महिने पाय सुजतायत म्हणून त्या तेल चोळत होत्या. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक पाकीट बंद करायला सांगितलं. पंधरा दिवसांनी आक्का परत आल्या तेव्हा पायात चप्पल नीट बसली होती.