भूमिगत कोळसा खाणीतला वायू: या चुका जिवावर बेततात

वायू मोजणाऱ्या मीटरवर शून्य आलं म्हणजे जागा सुरक्षित, हा समज सगळ्यात घातक. कोळशातून निघणारा, पेटणारा मिथेन वायू हवेपेक्षा हलका, तो छतालगत थर धरून राहतो. मीटर छातीजवळ धरलं तर शून्य दिसतं आणि डोक्यावर स्फोटक मिश्रण साचलेलं असतं. काठीला प्रोब, म्हणजे मीटरचं हवा तपासणारं टोक, लावून तो छतापर्यंत, छत कोसळून झालेल्या पोकळ्यांपर्यंत न्यायलाच हवा.

हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की एक ठिणगी पुरते. 15 च्या वर पेटत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ताजी हवा मिसळली की प्रमाण घसरून पुन्हा स्फोटाच्या टप्प्यात येतं. त्यात मीटरमधला कॅटॅलिटिक सेन्सर मिथेन जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. मिथेन फारच वाढला की ऑक्सिजन कमी पडतो आणि आकडा चढून परत खाली येतो. असं दिसलं तर मीटर बिघडलं म्हणत पुढे जाऊ नका, तिथूनच मागे फिरा.

खाणीत हवा खेळवणारा पंखा बंद पडून परत सुरू झाला की लगेच यंत्रं चालू करण्याची घाई होते. साचलेला वायू तेव्हाच एकगठ्ठा बाहेर ढकलला जात असतो. आधी मोजा, मग वीज.

कोळशाच्या धुळीकडेही दुर्लक्ष नको. फ्रान्समधल्या कुरिएर इथे 1906 मध्ये धुळीच्या स्फोटाने 1,099 जणांचा बळी घेतला. कोळशाची धूळ पेटू नये म्हणून तिच्यावर दगडी भुकटी मारणं म्हणूनच टाळायचं काम नाही.

नाकावर भरवसा ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वायू गेला असं वाटतं.

सहकारी कोसळलेला दिसला की पाय आपोआप तिकडे धावतात. ही माणुसकीच, पण त्या जागी ऑक्सिजन नसेल तर दुसराही तिथेच पडतो. फिल्टरचा सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे धोक्यातून बाहेर पडताना तोंडात धरायचं श्वसनाचं साधन, इथे कामाचा नाही. तो कार्बन मोनॉक्साइड अडवतो, ऑक्सिजन देत नाही. त्यासाठी ऑक्सिजन देणारा संचच हवा, आणि आत जाण्याचं काम बचाव पथकाचं.

धुरातून बाहेर पडताना फिल्टरमधली हवा तापते, घसा भाजल्यासारखा होतो. कार्बन मोनॉक्साइड असल्याचीच ती खूण. ताज्या हवेत पोहोचेपर्यंत तोंडातली नळी काढू नका, बोलण्यासाठीसुद्धा नाही.