दात दाखवायची तालीम

समकालीन नृत्य शिकायला येणाऱ्यांना मी आधी जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांची ‘कॉन्टाक्टहोफ’ ही नृत्यकृती बघायला सांगते. १९७८ साली जर्मनीतल्या वुपर्टालमध्ये ती पहिल्यांदा रंगमंचावर आली. जुना डान्स हॉल, भिंतीलगत खुर्च्या. त्यावरून एकेक जण उठून पुढे येतो, समोरून उभा राहतो, वळून पाठ दाखवतो, केस मागे सारतो, दात दाखवतो, हात पुढे करतो. मी रेकॉर्डिंग बघताना खूप हसले आणि मग एकदम घरातलं आठवलं. आत्याला ‘बघायला’ आलेले पाहुणे, ‘जरा चालून दाखव’ म्हणणारे. पुढे हसू आलं नाही.

कथकची दहा वर्षं झाल्यावर मी या वाटेला आले. हास्यरस म्हणजे भुवया, डोळे, ओठांची मुरड, हे अंगात मुरलेलं. वर्कशॉपमध्ये ‘कॉन्टाक्टहोफ’मधला दात दाखवायचा प्रसंग करताना मी डोळे मोठे केले, मान उडवली. कुणीही हसलं नाही. शिकवणाऱ्या ताई एवढंच म्हणाल्या, ‘दाताच्या डॉक्टरला दाखवतेस तसे दाखव. वीस वेळा.’ बाराव्या-तेराव्या खेपेला चेहऱ्यावरचा अभिनय गळून पडला, नुसता ओठ वर जायला लागला. तेव्हा समोरची मंडळी हसली, आणि विसाव्या खेपेपर्यंत गप्प झाली.

कथकवाल्यांना इथे तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा करून समेवर येण्याची सवय, आड येते. तीनदा म्हटलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा हवी, टाळी हवी. बाउश यांच्याकडे तीच हालचाल परत परत येते, पण सम येतच नाही. एका बाईभोवती पुरुष जमतात, गोंजारतात, नाक चिमटतात. आधी गंमत वाटते, पण हात थांबत नाहीत आणि बघवेनासं होतं. हालचाली लाडाच्याच राहतात.

अंग लवचिक नाही म्हणून मागे राहू नका. हीच कृती २००० साली पासष्टीपुढच्या आणि २००८ साली चौदा वर्षांपुढच्या, नर्तक नसलेल्या वुपर्टालकरांनी केली. जमलं तर दोन्ही बघा. तेच केस सारणं सुरकुतलेल्या हातांनी केलं की वेगळंच काही सांगतं.

घरी सुरुवात करताना आरसा झाकून ठेवा. केस मागे सारणं, बटण लावणं अशी रोजची एकच हालचाल घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करत वीसदा करा. नंतर पहिली आणि विसावी खेप शेजारी ठेवून बघा. ज्या खेपेला तुम्ही हसवायला गेलात, ती तुम्हाला लगेच ओळखू येईल.