मर्जरएफएस हाताने अपडेट करायचं तर: पॅकेज दोन मिनिटांत होतं, खरं काम माउंटचं

वेगवेगळ्या साईजच्या तीन-चार हार्ड डिस्क एकत्र करून एकच मोठा फोल्डर (याला पूल म्हणतात) दाखवायला घरच्या सर्व्हरवर बरेच जण मर्जरएफएस वापरतात, आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर त्याच्या एपीटी या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने जे मिळतं ते जुनं असतं. डेबियन १२ मध्ये २.३३.५ आहे, म्हणजे २०२२ चा माल, आणि स्टेबल म्हणजे स्टेबल, मधेच नवीन व्हर्जन येईल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मर्जरएफएस बनवणारा (गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर ट्रॅपेक्झिट नावाने असतो) स्वतःच डॉक्युमेंटेशनमध्ये सांगतो की डिस्ट्रोचं, म्हणजे डेबियनसारख्या लिनक्सचं, स्वतःचं पॅकेज जुनं असतं, गिटहबच्या रिलीजमधून घ्या. तर ते कसं करायचं ते लिहितो. कमांड इथे बोलतो तशाच लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजीत टाईप करायच्या.

आधी एक भीती काढून टाका. मर्जरएफएस तुमच्या डेटाला हात लावत नाही. रेडसारखे (डिस्क एकत्र जोडायची दुसरी पद्धत) फाईलचे तुकडे करून डिस्कवर वाटत नाही, प्रत्येक फाईल कुठल्यातरी एका डिस्कवर अख्खी पडलेली असते, एक्सटी४ नाहीतर एक्सएफएस या नेहमीच्या फाईल सिस्टमवर, आणि मर्जरएफएस फक्त वरून सगळं एकत्र दाखवतं. उद्या पॅकेज पूर्ण उडवलं तरी प्रत्येक डिस्क उघडून फाईल तशाच सापडतील. त्यामुळे अपडेट फसलं तर पूल दिसणार नाही इतकंच, लग्नाचे फोटो कुठे जात नाहीत. (बॅकअप तरीही हवाच, पण तो या अपडेटसाठी नाही, तो नेहमीसाठी.)

सुरुवातीला आत्ता काय चालू आहे ते बघा. ‘मर्जरएफएस हायफन मोठं व्ही’ मारलं की डिस्कवर इन्स्टॉल असलेलं व्हर्जन कळतं. पण लक्षात ठेवा, हे इन्स्टॉल असलेलं, चालू असलेलं नव्हे, आणि सगळा घोळ इथेच होतो. मर्जरएफएस फ्यूजवर चालतं, म्हणजे कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) बाहेर एक साधी प्रोसेस असते, ती बूट होताना सुरू झाली की मेमरीत बसून राहते. तुम्ही नवीन पॅकेज टाकलं की डिस्कवरची फाईल बदलते, मेमरीतली प्रोसेस जुनीच राहते, तिला कोणी सांगितलेलंच नसतं. लोक पॅकेज टाकतात, व्हर्जन नवीन दिसतं, खूश होतात, आणि पूल पुढच्या रीबूटपर्यंत जुन्यावरच चालू असतो. चालू पूलचं खरं व्हर्जन बघायचं तर पूलच्या मुळाशी डॉट-मर्जरएफएस नावाची एक लपलेली फाईल असते, एलएसमध्ये दिसत नाही पण असते, तिला विचारायचं (/एमएनटी/पूल च्या जागी तुमच्या पूलचा पाथ लिहा): ‘गेटएफअ‍ॅटर हायफन एन युजर-डॉट-मर्जरएफएस-डॉट-व्हर्जन /एमएनटी/पूल/डॉट-मर्जरएफएस’. गेटएफअ‍ॅटर नसेल तर अ‍ॅटर नावाचं छोटं पॅकेज एपीटीने टाका.

आता फाईल. रिलीजच्या पेजवर एकाच व्हर्जनच्या ढीगभर फाईली असतात, त्यातली आपली नावावरून ओळखायची: व्हर्जन, मग डिस्ट्रो आणि कोडनेम, मग आर्किटेक्चर. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म, ११ म्हणजे बुल्सआय, १३ म्हणजे ट्रिक्सी. आठवत नसेल तर ईटीसीमधली ओएस-रिलीज फाईल कॅट कमांडने वाचा. आर्किटेक्चरसाठी ‘डीपीकेजी हायफन हायफन प्रिंट हायफन आर्किटेक्चर’. इंटेल असो वा एएमडी, नेहमीच्या पीसीवर एएमडी६४ येतं, इंटेलचा प्रोसेसर आहे म्हणून घाबरू नका. रास्पबेरी पायवर ६४-बिट सिस्टम असेल तर एआरएम६४. डब्ल्यूगेटने फाईल उतरवा, आणि टाकायला ‘सुडो एपीटी इन्स्टॉल डॉट-स्लॅश फाईलचं नाव’. ते डॉट-स्लॅश खाऊ नका, नाहीतर एपीटी त्या नावाचं पॅकेज रेपॉझिटरीत शोधत बसतं आणि सापडत नाही म्हणून सांगतं. डीपीकेजी हायफन आय ने पण होतं, पण डिपेंडन्सी (लागणारं दुसरं पॅकेज) राहिली तर ते नुसतं तक्रार करतं, एपीटी स्वतः आणून टाकतं. इन्स्टॉल चालू असताना पूल वापरात असला तरी चालतं, आई हॉलमध्ये जेलीफिनवर (घरच्या सर्व्हरवरचे व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम) काही बघत असेल तर तिला कळणारही नाही.

कळणार आहे ते पुढच्या पायरीला, कारण आता माउंट बदलायचा, म्हणजे जुन्या प्रोसेसने फोल्डरला जोडलेला पूल उतरवून नव्या प्रोसेसने जोडायचा. सगळ्यात सोपं म्हणजे रीबूट, आणि खरं सांगायचं तर घरच्या सर्व्हरला रात्री अकरानंतर रीबूट केलं तर कोणाचं काही बिघडत नाही, बाकीची सर्कस करण्यापेक्षा ते बरं. पण रीबूट नको असेल तर पूल वापरणारं सगळं आधी बंद करा. सांबा आणि एनएफएस (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारे), टॉरेंट, रात्रीचा स्नॅपरेडचा (डिस्क गेली तर डेटा परत मिळवून देणारा प्रोग्राम) सिंक लागलेला असेल तर तो, आणि डॉकर, ज्याच्यात प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालतात. डॉकर बंद करताना नुसतं ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप डॉकर’ केलं तर ते स्वतःच वॉर्निंग देतं की डॉकर-डॉट-सॉकेट मला परत उठवू शकतं, म्हणून दोन्ही एकत्र स्टॉप करा. मग ‘यूमाउंट’. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर ‘सुडो फ्यूजर हायफन व्हीएम’ आणि पूलचा पाथ, कोण चिकटून बसलंय ते नावासकट दिसतं, आणि बऱ्याचदा ती तुमचीच दुसरी टर्मिनल विंडो असते जिच्यात तुम्ही सीडी कमांडने पूलच्या आत जाऊन बसलेले असता.

यूमाउंट झाल्यावर लगेच माउंट करू नका, ही संधी परत लवकर मिळत नाही. पूल उतरलेला असताना /एमएनटी/पूल हा रूट डिस्कवरचा (जिच्यावर सिस्टम असते ती) एक साधा रिकामा फोल्डर असतो. तेवढ्यात एखादा प्रोग्राम जागा झाला आणि लिहायला लागला तर सगळं रूट डिस्कवर जातं, तुमची १२० जीबीची एसएसडी भरते, आणि नंतर पूल वर माउंट झाला की त्या फाईल त्याच्याखाली झाकल्या जातात, डिस्क भरलीये पण कशाने ते दिसत नाही. यावर इलाज म्हणजे पूल उतरलेला असताना, फोल्डर रिकामा आहे याची खात्री करून, ‘सुडो सीएचअ‍ॅटर प्लस-आय /एमएनटी/पूल’. यानंतर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूट युजरलासुद्धा (सगळे अधिकार असलेला) काही लिहिता येत नाही, आणि माउंटला त्याचा काही त्रास होत नाही. आयुष्यात एकदा करायचं काम आहे, करून टाका.

एफएसटॅबवर, म्हणजे बूट होताना काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेल्या फाईलवर, पण एक नजर टाका. जुन्या व्हिडिओतून उचललेल्या ओळीत डायरेक्ट-आयओ, यूज-आयनो असले ऑप्शन असतात जे आता कालबाह्य झालेत, डायरेक्ट-आयओच्या जागी कॅश-डॉट-फाइल्स बरोबर ऑफ लिहितात. आणि नवी फाईल कुठल्या डिस्कवर जायची ती पॉलिसी, म्हणजे कॅटेगरी-डॉट-क्रिएट, डिफॉल्टवर सोडू नका, स्वतः लिहा. ईपीएमएफएस असेल तर ज्या डिस्कवर तो फोल्डर आधीपासून आहे तिथेच फाईल जाते, त्यामुळे एक डिस्क भरत आली आणि दुसरी रिकामी असा प्रकार होतो, आणि लोकांना वाटतं मर्जरएफएस बिघडलं. जास्त रिकामी असेल तिथे जाऊ दे म्हणायचं तर एमएफएस. ओळ बदललीत तर ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’, मग ‘सुडो माउंट /एमएनटी/पूल’, मग बंद केलेलं सगळं परत चालू.

काहीच बंद न करता पण होतं. मर्जरएफएस जुन्या माउंटच्या डोक्यावर नवीन माउंट होऊ देतं, आधी ‘यूमाउंट हायफन एल’ म्हणजे लेझी अनमाउंट करायचा, मग माउंट. ज्या फाईल उघड्या आहेत त्या जुन्या प्रोसेसवर चालू राहतात, नवीन उघडणाऱ्या नव्यावर जातात, आणि जुनं सगळं सुटलं की ती प्रोसेस आपोआप मरते. ऐकायला झकास, पण डॉकरचे कंटेनर रीस्टार्ट करेपर्यंत जुन्यालाच धरून बसतात, आणि एनएफएसवाल्या क्लायंटला ‘स्टेल फाईल हँडल’ येण्याची शक्यता असते. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे डॉकरमध्ये पंधरा गोष्टी आहेत त्याने या वाटेला जाऊ नये.

ओपनमीडियाव्हॉल्ट (डेबियनवर बनलेली, वेब पेजवरून चालवायची घरच्या सर्व्हरची सिस्टम) वापरत असाल तर पॅकेज वरच्यासारखंच टाका, पण एफएसटॅबला हात लावू नका, तिथे पूल मर्जरएफएसच्या प्लगिनकडून येतो आणि ऑप्शन वेब पेजवरूनच बदलायचे. पूल पण /एसआरव्ही/मर्जरएफएस च्या खाली असतो, कमांडमधले पाथ त्याप्रमाणे बदला.

शेवटी परत ते गेटएफअ‍ॅटर मारा, आता नवीन आकडा यायला हवा. ‘फाइंडएमएनटी हायफन टी फ्यूज-डॉट-मर्जरएफएस’ केलं की पूलची एकच ओळ दिसायला हवी, दोन दिसल्या तर एकावर एक माउंट चढलाय. डीएफ हायफन एच मध्ये पूलची साईज सगळ्या डिस्कच्या बेरजेइतकी आहे का बघा, कमी असेल तर एखादी डिस्क माउंट व्हायची राहिलीये, तिचा मर्जरएफएसशी संबंध नाही. नवीन व्हर्जन पटलं नाही तर जुनी डेब फाईल ‘डीपीकेजी हायफन आय’ ने परत टाकता येते, डाउनग्रेड करतोय म्हणून वॉर्निंग देईल, देऊ दे, आणि त्यानंतर परत माउंट बदलायचा. म्हणून डेब फाईली डिलीट करू नका, आणि ठेवाल तर पूलवर नको, होम फोल्डरमध्ये ठेवा, कारण लागतील तेव्हा पूलच उघडत नसेल.