उंची, वेग, कोन… पण कशाच्या सापेक्ष? विमानविद्येच्या परिभाषेतल्या या चुका टाळा

एरोनॉटिकलच्या मुलांच्या उत्तरपत्रिका असोत, की विमान अपघातानंतर येणाऱ्या बातम्या, चुका त्याच त्याच दिसतात. शब्द माहीत असतो, व्याख्याही बहुधा पाठ असते. सुटतं ते एवढंच, की ही राशी कशाच्या सापेक्ष मोजली आहे. उंची कुठून? वेग हवेच्या तुलनेत की जमिनीच्या? कोन कोणत्या दोन रेषांमधला? हे न विचारल्यामुळे होणाऱ्या गोंधळांपैकी काही इथे घेतले आहेत. त्यांतला पहिला जिवावर बेतणारा आहे, म्हणून त्याच्यावर जरा जास्त बोलतो.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे

मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलताना स्टॉलचा जो अर्थ असतो, तोच लोक विमानालाही लावतात. 'विमान स्टॉल झालं' वाचलं, की इंजिनं थांबली असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात हा पंखाचा प्रश्न आहे. पंखाची कॉर्ड लाइन (पंखाची पुढची आणि मागची कड जोडणारी सरळ रेषा) आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. तो एका मर्यादेपलीकडे गेला (सर्वसाधारण पंखासाठी ही मर्यादा १५ अंशांच्या आसपास असते), की वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणारी हवा सुटते आणि उचल झपाट्याने घटते. इंजिनं पूर्ण ताकदीने चालू असतानाही हे घडतं. इंजिनातही 'कॉम्प्रेसर स्टॉल' होतो, पण तो वेगळा बिघाड. लिहिताना कोणता स्टॉल ते स्पष्ट लिहावं.

याच्या आतच दुसरी चूक दडलेली असते: अँगल ऑफ अटॅक आणि पिच यांना एकच समजणं. पिच म्हणजे विमानाचं नाक क्षितिजाच्या किती वर किंवा खाली आहे ते. अँगल ऑफ अटॅक मात्र येणाऱ्या हवेच्या दिशेशी मोजायचा. हे दोन आकडे एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, ते एअर फ्रान्स ४४७ च्या अपघातात दिसलं. रिओहून पॅरिसला निघालेल्या या एअरबस ए-३३० च्या पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळ्या, १ जून २००९ रोजी अटलांटिकवर बर्फाच्या कणांनी तुंबल्या. वेगाचे आकडे बिघडले आणि ऑटोपायलट सुटला. विमानाचं नाक वर खेचलं गेलं, ते सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढलं आणि स्टॉल झालं. इंजिनं चालू होती. समुद्रावर आदळताना नाक क्षितिजाच्या सुमारे १६ अंश वर होतं, म्हणजे नुसत्या पिचकडे पाहणाऱ्याला विमान चढतंय असं वाटावं. पण ते मिनिटाला जवळपास ११,००० फूट या गतीने खाली येत होतं, त्यामुळे हवा पंखावर खालून येत होती आणि अँगल ऑफ अटॅक ३५ अंशांच्या वर गेला होता. २२८ माणसं गेली. वैमानिकांना हा कोन थेट दाखवणारं उपकरण त्या कॉकपिटमध्ये नव्हतं. पिच आणि अँगल ऑफ अटॅक यांतला फरक दोन गुणांचा प्रश्न म्हणून शिकवला जातो, तेव्हा मला म्हणूनच वाईट वाटतं.

'स्टॉल ठरावीक वेगालाच होतो' हे वाक्यही खोडून काढा. स्टॉल ठरावीक कोनाला होतो. पुस्तकात दिलेला स्टॉल स्पीड एका ठरावीक वजनाचा आणि सरळ, समतल उड्डाणाचा असतो. उंची कायम राखून ६० अंश कलून वळण घेतलं, तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉल स्पीड सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. वेग पुरेसा आहे या भरवशावर वळणात नाक ओढणारा शिकाऊ वैमानिक इथेच फसतो.

चार वेगवेगळ्या उंच्या

मराठीत आपण सगळ्यालाच उंची म्हणतो आणि रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. अहवालात किंवा उत्तरात मात्र मूळ संज्ञा तशीच ठेवावी. अल्टिट्यूड समुद्रसपाटीपासून, हाइट खालच्या जमिनीपासून किंवा ठरवलेल्या बिंदूपासून, एलेव्हेशन ही जमिनीचीच समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि फ्लाइट लेव्हल १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबाच्या पातळीपासून.

पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. तिथे एखादं विमान ३,००० फूट अल्टिट्यूडवर आहे म्हणजे धावपट्टीपासून ते जेमतेम १,०६० फूट वर आहे. मुंबईत धावपट्टी जवळजवळ समुद्राच्या पातळीलाच असल्यामुळे हा फरक जाणवत नाही आणि चूक खपून जाते.

फ्लाइट लेव्हल ३५० ला 'समुद्रसपाटीपासून बरोबर ३५,००० फूट' म्हणणंही चूकच. त्या दिवशीचा दाब वेगळा असेल, तर खरी उंचीही वेगळी निघते. वर सगळी विमानं एकाच प्रमाण दाबावर असल्यामुळे त्यांच्यातलं अंतर सांभाळलं जातं. खाली उतरताना मात्र अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या उपकरणावर) स्थानिक क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरलेला तिथला दाब, लावावा लागतो. समजा तो १००३ आहे आणि अल्टिमीटर १०१३ वरच राहिला. खालच्या थरांत एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट धरले, तर उपकरण खऱ्यापेक्षा जवळपास २८० फूट जास्त दाखवतं. ढगांतून उतरणाऱ्या विमानासाठी हा फार मोठा आकडा आहे.

आणखी एक 'उंची' आहे, ती टेपने मोजता येत नाही: डेन्सिटी अल्टिट्यूड. नागपूरचा विमानतळ हजार फुटांच्या आसपास. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला, की हवा इतकी विरळ होते, की विमानाची कामगिरी साडेचार हजार फुटांच्या वरच्या विमानतळावर असावी तशी होते. धावपट्टीवर जास्त धावावं लागतं, चढण मंदावते. विमान मात्र जमिनीवरच आहे.

वेग

आधी सोपी चूक. 'ताशी ४५० नॉट' किंवा 'नॉट्स प्रति तास' लिहू नका. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. 'ताशी' त्यातच आलं.

फ्लाइट लेव्हल ३५० वर मॅक ०.८० ने (आवाजाच्या वेगाच्या ०.८० पट वेगाने) जाणाऱ्या विमानाच्या वेगदर्शकावर साधारण २७० नॉट दिसतात, पण हवेतून त्याचा खरा वेग सुमारे ४६० नॉट असतो. वेगदर्शक खरं तर हवेचा गतिज दाब मोजतो आणि वर हवा विरळ असते. पंखाला काय जाणवतंय हे वेगदर्शकावरचा आकडा, म्हणजे इंडिकेटेड एअरस्पीड, सांगतो. प्रवासाला किती वेळ लागेल, ते वारा जमेस धरून निघालेल्या ग्राउंड स्पीडवर ठरतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसहून लंडनला जाणाऱ्या व्हर्जिन अटलांटिकच्या बोइंग ७८७ ने ताशी ८०१ मैल, म्हणजे सुमारे १,२९० किलोमीटर ग्राउंड स्पीड गाठला. त्या उंचीवर आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास असतो. मग विमान स्वनातीत झालं का? नाही. मागून जोरदार जेट प्रवाह होता आणि विमान त्या हवेतून नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. मॅक नंबर हा हवेतल्या वेगाचं त्याच हवेतल्या आवाजाच्या वेगाशी असलेलं गुणोत्तर आहे. जमिनीचा त्यात संबंध नाही. शिवाय आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो, म्हणून 'मॅक १ म्हणजे ताशी १,२२५ किलोमीटर' हे समुद्रसपाटीला १५ अंश तापमान असतानाच खरं.

व्ही-वन, म्हणजे टेकऑफच्या धावेतला निर्णयाचा वेग, त्याबद्दल थोडक्यात: तो विचार सुरू करण्याचा वेग नाही. टेकऑफ सोडून द्यायचा, तर थांबण्याची पहिली कृती त्या वेगापर्यंत सुरू झालेली हवी. आणि तो विमानाचा कायमचा गुणधर्मही नाही. वजन, धावपट्टी, वारा, तापमान बदललं की तोही बदलतो.

रेडिओवर 'साधारण तोच अर्थ' चालत नाही

'रॉजर' म्हणजे होकार नव्हे. तुमचा संदेश पूर्ण मिळाला, एवढंच. सूचना पाळतो असं सांगायचं तर 'विल्को', हो म्हणायचं तर 'अफर्म'.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कला निघालेलं आव्हिआंका ५२ हे बोइंग ७०७ तासाभराहून जास्त वेळ हवेत ताटकळलं. इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन संपत असल्याचंही सांगितलं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही, आणि नियंत्रकांपर्यंत धोक्याची खरी पातळी पोहोचली नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण मरण पावले. आज 'मिनिमम फ्युएल' म्हटलं तर त्याचा अर्थ एवढाच, की आता आणखी उशीर झाला तर ठरलेल्या राखीव इंधनाला हात लागू शकतो. ती आणीबाणी नाही. आणीबाणीसाठी 'मेडे फ्युएल'. आरटीआरच्या (विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या) परीक्षेला बसणाऱ्यांनी हे दोन्ही अदलाबदल न करता पाठ करावेत.

अंतराळात गेल्यावरही तोच प्रश्न

'तिथे गुरुत्वाकर्षण नसतं' हे वाक्य अजूनही छापून येतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत असतात, म्हणून एकमेकांच्या सापेक्ष ती तरंगतात.

स्पेसिफिक इम्पल्सचं एकक सेकंद असल्यामुळे मुलं त्याला इंजिन चालण्याचा वेळ समजतात. इस्रोच्या सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाचा निर्वातातला स्पेसिफिक इम्पल्स सुमारे ४४० सेकंद आहे, आणि एलव्हीएम-३ या रॉकेटमध्ये ते दहा मिनिटांहून जास्त वेळ जळतं. दोन्हींचा काही संबंध नाही. ४४० सेकंदांचा अर्थ असा, की एक किलो इंधन आणि ऑक्सिडायझर मिळून एक किलोग्रॅम-बल एवढा रेटा ४४० सेकंद देऊ शकतात. म्हणजे हा आकडा जळलेल्या प्रणोदकाच्या वजनाच्या सापेक्ष आहे. न्यूटनमध्ये रेटा हवा असेल तर स्पेसिफिक इम्पल्सला ९.८१ ने आणि दर सेकंदाला जळणाऱ्या किलोंनी गुणा. गणितात ९.८१ विसरलं तर उत्तर जवळपास दहापट चुकतं. चूक कुठे झाली हे शोधताना आधी तिथेच पाहा.