ऑनलाइन सामूहिक स्वयंपाक: राजमा दाठर, कॅमेरा धुरकट, उरलेलं कचऱ्यात – या चुका टाळा

पौष्टिक आणि निसर्गावर कमी भार टाकणारं जेवण सगळ्यांनी आपापल्या ओट्याशी उभं राहून, पडद्यावर एकमेकांना बघत रांधायचं, हा बेत फार सुंदर आहे. तो फसतो तेव्हा बहुतेकदा एकाच गोष्टीने फसतो. वीस घरांतल्या वीस शेगड्या एकाच घड्याळावर चालतील, असं आयोजकांनी धरलेलं असतं. कुणाकडे गॅस, कुणाकडे इंडक्शन, कुणाचं भांडं पातळ, कुणाचं बिडाचं. "आता सात मिनिटं परता" म्हटलं की निम्म्यांचा कांदा कच्चा राहतो आणि चौघांचा करपतो. म्हणून मिनिटं नव्हे, खूण सांगा: "कांद्याच्या कडा पारदर्शक होऊन वास गोडसर आला की हात वर करा." तीन चतुर्थांश हात वर आले की पुढे जा.

कडधान्य कॉल सुरू झाल्यावर शिजत टाकणं

ही सर्वात महागात पडणारी चूक. नव्वद मिनिटांच्या कॉलमध्ये कोरड्यापासून सुरुवात करून राजमा होत नाही. भिजवलेलासुद्धा सगळीकडे सारखा शिजत नाही. कारणं चार: दाणा जुना असतो, पाणी जड असतं आणि त्यातलं कॅल्शियम साल मऊ होऊ देत नाही, टोमॅटो किंवा लिंबू आधीच पडलेलं असतं, किंवा घर उंचावर असतं. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरवर पाणी साधारण ९५ अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात वेळ बराच वाढतो. जड पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा मदत करतो. आंबट पदार्थ मात्र दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घाला.

उपाय सोपा आहे. शिजवलेलं कडधान्य घेऊनच कॉलला यायला सांगा आणि आदल्या दिवशीची तपासणी शिकवा. भिजलेला दाणा नखाने उभा चिरा. मध्यभागी कोरडा, पांढुरका ठिपका दिसला तर अजून भिजायला हवा. शिजल्यावर एक नाही, पाच दाणे बोटांत दाबून बघा, कारण एकाच पिशवीत नवे-जुने दाणे मिसळलेले असतात. पाचही बोटचेपे झाले आणि एकातही खडा लागला नाही, तरच आच बंद.

लाल राजम्याबद्दल एक सूचना निमंत्रणातच, ठळक अक्षरांत द्या. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच अर्धकच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत जोरदार उलट्या होऊ शकतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळ उकळी आणून किमान ३० मिनिटं उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेच्या विजेच्या कुकरमध्ये थेट टाकू नका. तिथलं तापमान कमी पडलं तर विषारीपणा उलट वाढू शकतो. ज्यांना आयत्या वेळी यायचंय त्यांना मसूर डाळ घेऊ द्या, ती न भिजवताही वीसेक मिनिटांत शिजते.

"एक वाटी" असं माप लिहिणं

कप कुठे २४० मिलिलिटरचा, कुठे २५०चा, तर भात-कुकरसोबत येणारा १८०चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, पण ऑस्ट्रेलियात २०. मीठ भरड असेल तर चमच्यात वजनाने बरंच कमी बसतं. सामानाची यादी ग्रॅममध्ये लिहा आणि आठवडाभर आधी पाठवा. शेंगदाणे, तीळ, गहू, सोया, दूध, सुकामेवा यांपैकी काही असेल तर यादीच्या वरच लिहा आणि प्रत्येकाला पर्याय द्या.

सगळ्यांना चौघांचं प्रमाण देणं

शाश्वत अन्नाचा उत्सव आणि शेवटी कचऱ्यात भाजी, असं व्हायचं कारण हेच. पडद्यापलीकडे अनेक जण एकटे जेवणार असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. म्हणून प्रमाण एका माणसाचं लिहा, ज्याला हवं तो गुणाकार करेल. कोरडा राजमा माणशी ६० ग्रॅम पुरे, शिजून तो साधारण १५० ग्रॅम होतो.

"जवळचं तेच शाश्वत" असं सरसकट सांगणं

हे ऐकायला छान, पण अपुरं आहे. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच निघाला. काय पिकवलं आणि कसं, हे जास्त मोलाचं. विमानाने येणारा नाजूक माल हा अपवाद. सहभागींना हा फरक नीट समजावून सांगा.

कॅमेरा, आवाज, वेळ

भांड्याच्या बरोबर वर लावलेला फोन दोन मिनिटांत वाफेने धुरकटतो. तो शेगडीच्या बाजूला, भांड्याच्या काठापासून हातभर लांब, साधारण ४५ अंशांत तिरका लावा. दुसरा कॅमेरा चेहऱ्यासाठी. एक्झॉस्ट पंखा बोलताना बंद. कॉलचं सॉफ्टवेअर तेलाची चुरचुर 'गोंगाट' समजून गाळून टाकतं, आणि ऐकून शिकायचं असतं नेमकं तेच. त्यामुळे यजमानांनी ती गाळणी त्या क्षणापुरती बंद करावी. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांनी कॉल तुटतो, याचाही हिशेब आधी करा.

वेळ कळवताना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि सहभागींची स्थानिक वेळ दोन्ही लिहा. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही देश घड्याळ पुढे-मागे करतात, तेव्हा आदल्या दिवशी पुन्हा कळवा.

गप्पांत अन्न विसरणं

जेवण झाल्यावर गप्पा रंगतात आणि भांडं ओट्यावरच राहतं. शिजलेलं अन्न, विशेषतः भात, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि कोमट भातात वाढायला लागतात. निरोप घेण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा. सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोरच उरलेलं पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थरात पसरट डब्यात काढायचं, झाकणावर तारीख लिहायची आणि डबा फ्रिजमध्ये ठेवायचा.